हिरवी खूण

ताताय, म्हणजे वडील, गेल्यानंतर सहाव्या दिवशी एडलिनने पहिल्यांदा लॅपटॉप उघडला, तोही जेवणाच्या टेबलावर, कारण घरात दुसरीकडे कुठं जागाच नव्हती. बाहेरच्या खोलीत शवपेटी होती. अंगणात ताडपत्रीखाली पत्त्यांची दोन टेबलं लागली होती. पेटी घरात असेपर्यंत केर काढायचा नसतो, त्यामुळे सहा दिवसांची शेंगदाण्यांची टरफलं आणि बिस्कोचो बिस्किटांचा चुरा चालताना पायाखाली कुरकुरत होता.

दफन रोल्डानसाठी थांबलं होतं. एडलिनचा हा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता, आणि बदलीचा माणूस चढल्याशिवाय त्याला उतरता येत नव्हतं. ब्राझीलपासून फिलिपिन्समधल्या मियागाओ गावापर्यंत यायला त्याला अजून चार-पाच दिवस तरी लागणार होते. दफन तेवढं थांबलं होतं. बाकी काहीच थांबलं नव्हतं. माणसं येत होती, कॉफी उकळत होती, बर्फवाला रोज बर्फ टाकून जात होता.

अंगणातून म्हाताऱ्या दोमिंगचा आवाज आला. "बासिलिओला ऐकू कमीच यायचं रे हल्ली. फोन वाजला असेल, ह्याला पत्ता नसेल."

"वाजला काय, हातात असला तरी वाचता कुठं यायचं त्याला चष्म्याशिवाय? चल, टाक पान," समोरचा खेळणारा म्हणाला.

एडलिनने दात आवळले. तिची आई, नानाय फेलिसिता, किटली घेऊन टेबलांमधून फिरत होती. तिने हे ऐकलं होतं. तिने दोमिंगच्या कपात कॉफी ओतली.

ताताय, बासिलिओ नुफाबल, तीस वर्षं सरकारी तार कचेरीत होते. निरोप घेणं आणि निरोप पोचवणं एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. पुरात, वादळात, कचेरीचं छप्पर उडालेलं असताना तारा घेतल्या. आणि त्यांच्याच अंगणात बसून लोक सांगत होते की त्यांच्याकडून निरोप चुकला, म्हणून ते गेले.

घडलं होतं ते असं. ताताय आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, इलोइलो शहरात डायलिसिसला जायचे. सेंटरमधलं पाणी शुद्ध करायचं यंत्र सोमवार-मंगळवारी दुरुस्तीला निघालं, म्हणून सोमवारच्या एक्केचाळीस पेशंटना आदल्या दिवशी, रविवारी बोलावलं गेलं. ताताय आणि नानाय नेहमीप्रमाणे सोमवारी पहाटेची जीपनी धरून चाळीस किलोमीटर गेले. फाटक बंद होतं. रखवालदार म्हणाला, "ताताय, तुमची पाळी काल होती. आता बुधवारी या." दोघं परत आले. मंगळवारी दुपारी जेवणाआधी ताताय खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शुक्रवारनंतर त्यांचं रक्त धुतलंच गेलं नव्हतं.

एडलिनने सेंटरला फोन केला तेव्हा नर्स फार हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या स्क्रीनवर त्यांच्या नावापुढं 'कळवलं' अशी हिरवी खूण आहे. शनिवारी दुपारीच सगळ्यांना कळवलं होतं." आणि मग आणखी हळू, "सॉफ्टवेअर तुमचंच आहे ना, मॅडम?"

होय, तिचंच होतं. इलोइलोच्या हारो भागातल्या एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर बारा माणसांची त्यांची कंपनी होती, आणि सेंटरला पेशंटच्या पाळ्या आणि निरोप सांभाळणारा प्रोग्राम तीन वर्षांपूर्वी एडलिननेच लिहून दिला होता.

तातायचा फोन तिने दोनदा पालथा घातला. शनिवारचा निरोप त्यात नव्हता. पण ताताय निरोप वाचले की पुसून टाकायचे, त्यामुळे नसण्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. निरोप निघालाच होता का, हे तिला कळायला हवं होतं. दोमिंगच्या तोंडावर फेकायला एक कागद हवा होता, ज्यावर लिहिलेलं असेल: बासिलिओ नुफाबल यांना निरोप पाठवलाच गेला नाही.

प्रोग्राम जे जे करतो ते ओळीओळीने लिहून ठेवतो. त्या नोंदी कोणी वाचत नाही. एडलिनने शनिवार, चार वाजून बारा मिनिटं, एवढं शोधलं.

पहिली ओळ: एक्केचाळीस निरोप पाठवायला घेतले.

दुसरी ओळ: सर्व निरोप गेले. एक्केचाळीस नोंदींवर 'कळवलं'.

आणि त्याच्याखाली, त्याच सेकंदात: निरोप गेला नाही, लाइन बंद. निरोप गेला नाही, लाइन बंद. पस्तीस वेळा. त्यात सत्ताविसावं नाव नुफाबल, बासिलिओ.

परक्या माणसाला वाटलं असतं की ओळी उलटसुलट झाल्यात. आधी 'सर्व गेले' आणि मग 'गेला नाही', असं कसं होईल? एडलिनला तसं वाटलं नाही. तिने निरोप पाठवणारा कोड उघडला.

जावास्क्रिप्टमध्ये ज्या कामाला वेळ लागतो, त्याला हाक मारली की ते लगेच उत्तर देत नाही. ते हातात एक प्रॉमिस ठेवतं: काय झालं ते नंतर कळवीन. त्या प्रॉमिसच्या आधी 'अवेट' हा शब्द लिहिला, तर हाक मारणारं फंक्शन तिथंच थांबतं आणि काम पुरं झाल्याशिवाय पुढची ओळ चालवत नाही. थांबतं ते तेवढं एक फंक्शन. बाकीचा प्रोग्राम आपापल्या वाटेने चालू राहतो. शब्द लिहायचा राहिला, किंवा चुकीच्या जागी पडला, तरी कोणी हटकत नाही. फंक्शन ते प्रॉमिस न उघडताच बाजूला टाकतं आणि पुढं निघतं. कंपनीत नव्याने लागलेल्या प्रत्येकाला एडलिन पहिल्या आठवड्यात हेच सांगायची. सांगताना ती तातायचं उदाहरण द्यायची: पलीकडच्या कचेरीतून 'मिळालं' असं ऐकू आल्याशिवाय माझे वडील रजिस्टरात खूण करत नसत, मग बाहेर रांग कितीही लांब असो.

तिचा मूळ लूप तसाच होता. एका पेशंटला निरोप पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. सगळे झाले की खूण करायची आणि लाइन बंद करायची. एक्केचाळीस निरोपांना दीड-दोन मिनिटं लागायची. तेवढा वेळ स्क्रीन अडकून राहतो, अशी नर्सेसची तक्रार होती.

आता तो लूप तिथं नव्हता. त्याच्या जागी 'फॉरईच' होतं. फॉरईच प्रत्येक नावासाठी काम सुरू करून देतं, पण कोणत्याच कामासाठी थांबत नाही. अवेट आत लिहिलेला होता, आणि आतल्यापुरता बरोबरच लिहिलेला होता. पण बाहेर फॉरईचने एक्केचाळीस प्रॉमिसं घेतली आणि सोडून दिली. पुढच्या ओळीने सगळ्यांच्या नावापुढं खूण केली. त्याच्या पुढच्या ओळीने लाइन बंद केली. सहा निरोप तेवढ्यात निसटून गेले होते. स्क्रीन अजिबात अडकली नव्हती.

बदल पाच आठवड्यांपूर्वीचा होता. करणारी: कंपनीतली ट्रिक्सी. तपासून मंजूर करणारी: एडलिन.

तिला तो दिवसही आठवला. सहा जणांचे बदल तपासायचे होते. ट्रिक्सीच्या बदलापुढं, प्रोग्राम नीट चालतो का ते आपोआप पाहणाऱ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. 'निरोप पाठवले की प्रत्येकाची पोच नोंदली जाते' ही चाचणीसुद्धा हिरवी होती. तिने हिरवं बघितलं आणि मंजूर केलं.

सातव्या दिवशी ऑफिसची मंडळी आली. सर बेंजी पुढं, त्यांच्यामागे पान्सित नूडल्सचा भला मोठा ट्रे घेऊन ट्रिक्सी. कंपनीचे मालक बेंजी पेटीपाशी दोन मिनिटं उभे राहिले, क्रूसाची खूण केली, आणि मग अंगणात जाऊन पाच मिनिटांत पत्त्यांच्या टेबलावर जागा पटकावून बसले.

ट्रिक्सी स्वयंपाकघरात आली. तेवीस वर्षांची, बोलायला लागली की न थांबणारी. एडलिनला ती मानांग, म्हणजे ताई, म्हणायची. "मानांग एड, तुम्ही काही खाल्लंय का? चेहरा बघा आरशात. सर म्हणत होते, मोबाइल कंपनीचा घोळ होता म्हणे शनिवारी, नेटवर्कच गेलं होतं. असल्या कंपन्यांना तर ना…"

"ट्रिक्सी. निरोपांचा लूप तू बदललास ना?"

"हो. त्या नर्स डोकं खात होत्या. रोज फोन. 'स्क्रीन गोठली, स्क्रीन गोठली.' आता कशी पळते बघा, एका सेकंदात…"

ती थांबली. पान्सितवरचं अर्धवट काढलेलं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं.

"फॉरईच," ट्रिक्सी म्हणाली.

"हो."

"पण आत अवेट होता. मी लिहिला होता, मानांग."

"आत होता."

"टेस्ट हिरवी होती." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी तीनदा चालवली. शप्पथ. मला शंका आली होती थोडीशी, म्हणून तर तीनदा. मग म्हटलं, ही टेस्ट मानांग एडची आहे. ही हिरवी आहे म्हणजे…"

एडलिनच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. सहा दिवसांत साठलेलं सगळं त्यात होतं, आणि ते या मुलीला उभी चिरून गेलं असतं. ती म्हणाली, "ट्रे तिकडे ठेव. मुंग्या लागतील."

ट्रिक्सी रडत रडत गेली. मयताच्या घरच्या माणसाने पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जायचं नसतं, म्हणून एडलिन जागची हलली नाही. ते तिला सोयीचंच वाटलं.

मग तिने स्वतःची चाचणी उघडली. तीन वर्षांत तिने ती एकदाही उघडली नव्हती. हिरव्या चाचण्या कोणी उघडत नाही. नऊ ओळींची होती. निरोप पाठवणाऱ्या फंक्शनला हाक मारायची, ते पुरं झालं की प्रत्येकाची पोच आहे का ते तपासायचं. हाक मारली होती. तिच्या आधी अवेट नव्हता. म्हणजे चाचणी हाक मारून तिथंच संपत होती, आणि तपासणी सुरू होण्याआधी निकाल लागून जात होता.

तिला खात्री करून घ्यायची होती. तिने चाचणी चालवली: हिरवी. निरोप पाठवायची ओळ काढून टाकली: हिरवी. मग ते अख्खं फंक्शन तिने रिकामं केलं, आत एक अक्षर ठेवलं नाही, आणि पुन्हा चालवली. हिरवी. तीन वर्षं ती हिरवी होती, कारण तिने कधी काही तपासलंच नव्हतं. एडलिनचा लूप बरोबर होता तेव्हा त्याचं श्रेय चाचणीने घेतलं, आणि तो चुकला तेव्हाही ती तशीच होती.

नऊ ओळींच्या डोक्यावर तारीख होती, आणि एडलिनचं नाव.

दोन दिवसांनी सर बेंजींचा फोन आला. "एड, घरी सगळं ठीक? ऐक, सेंटरवाले अहवाल मागतायत. तुला त्रास नको म्हणून मीच लिहून टाकला. नेटवर्कमुळे निरोपांना विलंब. दोन परिच्छेद. तू फक्त सही कर."

"नेटवर्क नव्हतं, सर. लूप होता. आणि टेस्ट."

"ट्रिक्सीचा बदल. मला माहीत आहे, पोरीने सांगितलं रडत रडत. अगं, तेवीस वर्षांची आहे ती. तिचं आयुष्य…"

"ट्रिक्सीचं नाव मी लिहिणार नाहीये. टेस्ट माझी होती. मंजुरी माझी होती."

"एड, तुझे स्वतःचे वडील गेलेत. कशाला हे अंगावर ओढून घेतेस?"

"माझ्या वडिलांनी निरोप चुकवला असं गाव म्हणतंय, सर. त्यांना तो पाठवलाच नव्हता हे मला कागदावर हवंय. तुम्ही नेटवर्क लिहिलंत तर 'उशिरा पोचला' असं होईल. पोचलेला नाही. निघालेलाच नाही."

"कागदाने काय होणार आहे?"

"अहवाल मी लिहिते," ती म्हणाली.

रोल्डान अकराव्या दिवशी दुपारी आला. बॅगेला विमानतळाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. पेटीपाशी तो बराच वेळ उभा होता. नानायने त्याला जवळ घेतलं, तेव्हा आपल्या त्या मोठ्या शरीराचं काय करावं हे त्याला कळेना. मग तो स्वयंपाकघरात एडलिनसमोर येऊन बसला. घरात ती सगळ्यांची इंदाय होती, आणि तो तिचा मानोंग, म्हणजे दादा.

"नाव सांग."

"मानोंग, आधी काहीतरी खा."

"पाच विमानं बदलून आलोय मी, इंदाय. प्रत्येक विमानात एकच विचार करत होतो, त्या माणसाचं नाव काय असेल. सांग."

"माझं," एडलिन म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. लूपचं त्याला नीट कळलं नाही, चाचणीचं लगेच कळलं. तो कप फिरवत राहिला.

"आमच्याकडे दर आठवड्याला आगीची घंटा तपासतात," तो म्हणाला. "बटण दाबायचं, खाली इंजिनरूममध्ये घंटा वाजली असं माणूस फोनवर सांगतो, मग वहीत सही. एक होता आमच्याकडे, दाबलं की सही करायचा. खालच्या फोनची वाटच बघायचा नाही. 'वाजते की रोज,' म्हणायचा. वर्षभर त्या घंटेची वायर तुटलेली होती."

"मग?"

"मग काय. पुढच्या बंदरात उतरवला त्याला. नशीब, आग लागली नव्हती." त्याने कप खाली ठेवला. "तू तातायची मुलगी. तुझ्याकडून हे?"

हा प्रश्न तिने स्वतःला आधीच विचारला होता, तरी त्याच्या तोंडून तो ऐकताना वेगळा लागला.

"नानायला सांगू नकोस," रोल्डान म्हणाला.

"का?"

"मी महिन्याने परत जाणार. तू इथंच. तिला रोज तुझं तोंड बघून जेवायचंय."

तेराव्या दिवशी दफन झालं. मियागाओच्या वरच्या दफनभूमीत ऊन रणरणत होतं. दोमिंगने खांदा दिला. परतीच्या वाटेवर तो कोणाला तरी सांगत होता, "चांगला माणूस. शेवटी शेवटी जरा विसराळू झाला होता, एवढंच." घरी आल्यावर नानायने पहिल्यांदा झाडू घेतला आणि तेरा दिवसांचा केर काढला, एडलिनला हात लावू न देता.

अहवाल लिहायला एडलिनला दोन दिवस लागले. चार पानं झाली. पहिल्या पानावर चाचणी, लूप, मंजुरी आणि स्वतःचं नाव. दुसऱ्यावर पस्तीस नावांची यादी, ज्यांना निरोप गेला नाही त्यांची. पण पुढची दोन पानंही तिने तेवढ्याच काळजीने लिहिली. रविवारी एक्केचाळीसपैकी एकोणीसच पेशंट आले, त्यातले तेरा एकमेकांकडून ऐकून. बावीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या. डायलिसिसच्या एकाच दिवशी बावीस जण गैरहजर, आणि त्यांच्यापैकी एकालाही कोणी फोन केला नाही, कारण स्क्रीनवर हिरवी खूण होती. सोमवारी फाटकावर आलेल्या पेशंटना दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवायची काहीही व्यवस्था नव्हती. एक रखवालदार होता आणि एक चिकटवलेला कागद. आणि स्क्रीन अडकते म्हणून वेग वाढवा, असं कंपनीला तीनदा लेखी सांगितलं गेलं होतं; वेग वाढवला तर काय तुटेल, असं कोणीही विचारलं नव्हतं, तिनेसुद्धा नाही.

तिला वाटलं होतं, भांडावं लागेल. सर बेंजी आरडाओरडा करतील, सेंटर वकिलाकडे जाईल. रोज तिने मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली. कोणी भांडलं नाही. सर बेंजींनी दुसऱ्याच दिवशी फोन केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "एड, मी वाचला. फार धाडस लागतं असं लिहायला. तू काही दिवस सुट्टीवरच राहा. हवी तेवढी घे." ट्रिक्सीचा एक लांबलचक संदेश आला, त्यात सात वेळा 'थँक यू' होतं. एडलिनने तो अर्ध्यावर सोडला.

सेंटरचं पत्र आलं ते महिनाभराने. रोल्डान जहाजावर परत गेला होता. पत्र नानायच्या नावाने होतं, दिवंगताची पत्नी म्हणून, आणि एडलिन बाजारातून आली तेव्हा पाकीट फोडलेलं होतं. नानाय मागच्या ओट्यावर बसून कादयोसच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा सोलत होती. चष्मा डोळ्यांवर, पत्र मांडीवर.

"ये," ती म्हणाली. "हे वाच. इंग्रजी फार आहे. मला कळलं ते बरोबर का, बघ."

पत्र एका पानाचं होतं. सेंटर दुःखात सहभागी होतं. सेंटरने सखोल चौकशी केली होती. सेंटरच्या बाजूने सर्व नियम पाळले गेले होते. पेशंटना निरोप न पोचण्याचं कारण सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचारी व्यक्तीची वैयक्तिक चूक हेच होतं, आणि ती त्या व्यक्तीने लेखी मान्य केली होती. कंपनीने त्या व्यक्तीला कामावरून दूर केलं होतं. सोबत तिच्या अहवालाचं पहिलं पान जोडलं होतं, फक्त पहिलं. खाली तिची सही.

बावीस खुर्च्या नव्हत्या. फाटक नव्हतं. तीन लेखी तक्रारी नव्हत्या. तिने लिहिलेल्या खऱ्यातलं जेवढं उपयोगी होतं तेवढं त्यांनी घेतलं होतं. दूर केल्याचं तर तिला इथंच कळत होतं.

आणि तिला हवं होतं ते वाक्यही पत्रात होतं, अगदी तिच्याच शब्दांत: श्री. बासिलिओ नुफाबल यांना निरोप पाठवला गेला नाही. आता हा कागद दोमिंगच्या तोंडावर फेकता आला असता.

"बरोबर वाचलंस, नानाय," एडलिन म्हणाली. "ती व्यक्ती मी."

नानायने एक शेंग उकलली. दाणे वाडग्यात पडले. "नाव वाचता येतं मला. विचारते ते वेगळं. निरोप गेलाच नव्हता? त्याने वाचून पुसला, न वाचता पुसला, असं काही नाही?"

"नाही. निघालाच नव्हता. तातायची काहीच चूक नव्हती. मला तेच तर…"

"थांब."

एडलिन थांबली. कोंबड्या ओट्याखाली टरफलं उकरत होत्या. नानायने आणखी दोन शेंगा सोलल्या. मग ती बोलली, तेव्हा तिचा आवाज बाजारातली एखादी गोष्ट सांगावी तसा होता.

"त्या रविवारी चर्चमधून येताना शेजारच्या तेरेसिंगची सून भेटली. म्हणाली, ताताय, तुम्ही अजून इथं कसे? आमच्या मामांना आज सेंटरला बोलावलंय, सकाळीच गेले. घरी आलो तर हा कपडे बदलायला लागला. पाय सुजले होते त्याचे, चप्पल चढत नव्हती. म्हणाला, जाऊन बघू, जीपनी मिळेल अजून."

एडलिनच्या हातात पत्र होतं. ते तिने खाली ठेवलं नाही.

"मी म्हटलं, बस खाली. कोणी काहीही सांगेल. आपली पाळी असती तर निरोप आला असता. इंदायने केलंय ते. तिचं चुकत नाही." नानायने चष्मा काढला, पदराने पुसावा तसा कपड्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. "तो म्हणाला, निदान सेंटरला फोन करू. फोन घेतलासुद्धा हातात. मी काढून घेतला. म्हटलं, स्वतःच्या मुलीवर विश्वास नाही का तुझा? मग बसला. भात खाल्ला थोडा. दिवसभर काही बोलला नाही."

"नानाय, तुला काय माहीत होतं…"

"दोमिंग म्हणत होता ना, की ह्यानेच वाचला नाही." नानाय तिच्याकडे न बघता बोलत होती. "मला ते चालत होतं. मी रोज तसंच म्हणत होते. निरोप आला असेल, त्यालाच दिसला नसेल. मग आम्ही दोघं चुकलो, असं होतं ते. अर्धं त्याचं, अर्धं माझं. आता त्याचं काहीच उरलं नाही."

एडलिन ओट्यावर टेकली आणि सवयीने शेंगांकडे हात केला.

नानायने टोपली स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. "राहू दे," ती म्हणाली. "होतील माझ्याने."